बटणवाल्या काकूंचा कवड्या

माझ्या आणि बटणवाल्या काकूंच्या घरात एकच भिंत. तीही इतकी पातळ की त्यांच्याकडे चमचा पडला तरी मी इकडे शिलाई मशीन थांबवून कान टवकारायची. दुसऱ्याच्या घरात कान देणं माझ्या स्वभावात नाही असं मी चारचौघांत सांगते, पण आमच्या रांगेत दुसरी करमणूक होती कुठे? पाण्याच्या टाकीखाली बैठ्या घरांची एक रांग, पुढे रस्ता, मागे ओळीने न्हाणीघरं आणि त्यांच्यामागे पडीक जमीन. त्या जमिनीत गवत, फुटक्या पाइपांचा ढीग आणि कुणाकुणाला नकोसं झालेलं सामान.

काकू बटणांच्या कारखान्यात होत्या. तयार बटणं पट्ट्यावरून सरकत यायची आणि त्यातली खराब वेचून बाजूला टाकायची, एवढंच त्यांचं काम. उभा जन्म त्यांनी हेच केलं. मी शाळेचे गणवेश शिवते, त्यामुळे त्यांनी वेचून टाकलेली बटणं पुष्कळदा माझ्याकडेच यायची. एकदा मी एका सदऱ्याला बटणं लावून तो दारात वाळत घातला होता. काकू भाजी घेऊन येत होत्या. फाटकातूनच म्हणाल्या, "तिसरं बटण दुसऱ्या मालातलं आहे गं." मी ते उन्हात धरून पाहिलं, आरशासमोर धरून पाहिलं, मला काडीचा फरक दिसला नाही. म्हटलं, म्हातारीला मिरवायची हौस. दोन धुण्यांनंतर गिऱ्हाईक सदरा घेऊन परत आलं. तिसरं बटण पिवळं पडलं होतं.

त्यांचे यजमान पाणीपुरवठ्याच्या पंपावर होते. पंपघर थंड, त्यामुळे तिथे साप यायचेच. कचेरीने म्हणून सगळ्यांना एकेक तक्ता वाटला होता, एका बाजूला विषारी साप, दुसऱ्या बाजूला बिनविषारी. यजमानांनी तो स्वयंपाकघरात दारासमोरच्या भिंतीवर टांगला आणि ते गेल्यावरही तो तिथेच राहिला. मी साखर मागायला गेले की दार ढकलताच तो समोर यायचा, त्यामुळे मलाही पाठ झाला होता. तक्त्याच्या मधोमध मण्यार आणि कवड्या शेजारीशेजारी छापले होते, कारण घरात शिरणारे हे दोघे आणि लोकांची गल्लत होते तीही यांच्यातच. मण्यार काळी. तिचे पांढरे पट्टे बारीक, जोडीजोडीने. मानेजवळ नसतातच, जरा पुढे सुरू होतात आणि शेपटीपर्यंत ठसठशीत राहतात. कवड्या तपकिरी. त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यार चावली तर झोपलेला माणूस झोपेतच जातो. कवड्या चावला तर साबणाने हात धुवायचा आणि कामाला लागायचं.

काकूंचे चिरंजीव याच तक्त्याखाली वाढले. अभ्यासाला बसायची त्याची जागा तीच. मोठा झाल्यावर तो बंदराच्या गावी शीतगृहात नोकरीला लागला. तिथून इकडे यायचं तर अख्खा दिवस बसमध्ये मोडतो, आणि चिरंजिवांकडे मोडायला दिवस नव्हता. रविवारी फोन मात्र न चुकता. "जेवलीस? गोळी घेतलीस? बरं, ठेवतो." भिंतीतून ऐकून ऐकून माझ्या तोंडात बसलं होतं. मुलगा वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मला त्याचा राग येणार आहे. त्याला काळजी होती. पण ती जागी व्हायला काहीतरी व्हावं लागायचं, आणि काकूंना कधी काही होतच नव्हतं.

पहिला साप आला तो एका पहाटे. काकूंच्या न्हाणीघरातला दिवा गेला होता आणि तो बदलायला कुणी नव्हतं. अर्धवट उजेडात त्या बादली उचलायला वाकल्या आणि ओरडल्या. मी कापड मोजायची गजाची पट्टी घेऊन धावले. पट्टीने काय साप मारणार होते देव जाणे, पण हाताला तीच लागली. काकू दाराला टेकून उभ्या होत्या.

"मण्यार," त्या म्हणाल्या. "काळी. पांढरे पट्टे. मोरीत गेली."

मी पट्टी तिथेच टाकून घरात पळाले, हेही सांगून टाकते. काकूंनी चिरंजिवांना फोन केला आणि चमत्कार झाला. चिरंजीव मिळेल त्या बसने निघाले, संध्याकाळपर्यंत दारात हजर. आल्या आल्या दिवा बदलला. दुसऱ्या दिवशी सिमेंट आणून मोरीच्या कडा बुजवल्या, मागचं गवत कापलं, आईच्या खाटेचे पाय विटांवर चढवले. भिंतीपलीकडून मला काकूंचा आवाज येत होता, आणि तो आवाज मी विसरूनच गेले होते. "हळू खा रे, कुणी ओढून नेत नाहीये. ती वीट तिरकी बसलीय, डोळे कुठे ठेवून आलास? गुडघे बघ कसे घाण करून ठेवलेस." अखंड तोंड चालू. बाई सुखात होती.

तो गेला आणि पुन्हा रविवारचा फोन सुरू झाला. मध्ये महिने गेले. मग काकूंना पुन्हा मण्यार दिसली, या वेळी पाण्याच्या पिंपामागे. चिरंजीव पुन्हा आले. पुढे आणखी एकदा दिसली. मी तर मोरीत पाय ठेवण्याआधी काठी आपटायला लागले होते. माझं मशीनही मी खिडकीपासून हलवलं होतं.

मग एके दिवशी मी दोरा मागायला काकूंकडे गेले, स्वयंपाकघराचं दार ढकललं आणि समोर मोकळी भिंत. तक्ता नव्हता. त्याच्या जागेवर भिंतीचा जुना रंग चौकोनी उजळ दिसत होता.

"काकू, तक्ता कुठे गेला?"

"ओल लागली होती. काढला."

भिंत खडखडीत कोरडी होती. मी काकूंकडे पाहिलं. त्या दोऱ्याच्या डब्यात तोंड घालून बसल्या होत्या आणि डोकं वर काढायचं नाव घेत नव्हत्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फाटकातून तिसरं बटण ओळखणारी ही बाई. हिला इतक्या वेळा साप दिसतो आणि तो मण्यार की कवड्या हे कळत नाही?

"काकू, पट्टे मानेपासून आहेत ना त्याचे?"

त्यांनी डबा बाजूला ठेवला. "पहिल्यांदा खरंच फसले गं. दिवा नव्हता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, वर भिंतीवर, पालीच्या मागे. उन्हात चांगला दिसला मला. कवड्या. पण तोवर पोरगा आला होता. आणि जेवायला बसला होता."

"मग सांगायचं ना."

"सांगणारच होते. म्हटलं, ताटावरून उठू दे. मग म्हटलं, हात धुऊ दे. मग तो म्हणाला, आणखी एक दिवस राहतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझं काय जातं गं?"

माझं काहीच जात नव्हतं. उलट मशीन पुन्हा खिडकीत नेता आलं. उठता उठता मी विचारलं, तक्ता फेकला तर नाही ना? त्यांनी गादीची कड उचलून दाखवली. खाली तो नीट घडी घालून ठेवला होता.

मी हे कुणाला बोलले नाही. खोटं बोलतेय म्हणून काकूंचा राग यायला हवा होता, पण आला तो चिरंजिवांचा. आईकडे यायला याला मण्यार लागते, आणि मण्यारीहून कमी काही चालत नाही. साधा साप असता तर याने फोनवरच निभावलं असतं.

पुढच्या खेपेला चिरंजीव एकटे आले नाहीत. रात्रीच्या बसने सकाळी उतरले आणि बसस्थानकावरून एका माणसाला सोबत घेऊन आले. तो ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा आणि उरलेल्या वेळात लोकांच्या घरातले साप पकडायचा. काकूंचा चेहरा पडलेला मला कुंपणावरूनही दिसला.

"कशाला यांना त्रास?" काकू म्हणाल्या. "ती गेली असेल केव्हाच."

"गेली तर बरंच, आई. पण बघू तर दे."

मी काम टाकून मागे गेले. त्या माणसाने हातात साप धरायचा आकडा घेतला आणि न्हाणीघरात शिरला. शिकाऊ पोरांशी बोलून बोलून त्याची जीभ तशीच वळली होती. "घाई नाही. आरसा बघा. हळू, हळू, क्लच सोडू नका," असं स्वतःशीच बडबडत त्याने पिंप सरकवलं, दिव्याच्या बटणांची पेटी तपासली, छपराच्या पत्र्याखाली आकडा फिरवला. काकू उंबऱ्यावर उभ्या होत्या. त्यांचे हात पदराशी चाळा करत होते आणि ओठ मिटलेले होते. मी मनात म्हणत होते, आज तरी सापडू नकोस रे बाबा, मागच्या गवतात पड कुठेतरी.

पण पत्र्याखालच्या फटीतून तो निघालाच. बोटाएवढा जाड, हातभर लांब. बाहेर येताच त्याने त्या माणसाच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. चिरंजीव किंचाळला. तो माणूस मात्र हसत उन्हात आला, अंगठ्यावर रक्ताचे दोन-चार ठिपके.

"घाबरू नका, साहेब. कवड्या आहे. तपकिरी रंग बघा. पट्टे मानेपासून सुरू झालेत, आणि इथे शेपटीकडे बघा, पुसट होत गेलेत. मण्यारीचं सगळं उलटं असतं. हा बिचारा पाली खातो आणि जरा तापट आहे, बस. याला विष नाही."

"नक्की?"

"मी अजून उभा आहे ना?"

चिरंजीव मटकन पायरीवर बसला. मला वाटलं हसेल, पण त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. एवढा मोठा माणूस, केस पिकायला लागलेला. काकू जागच्या हलल्या नाहीत.

"किती दिवस झोप नाही मला," तो म्हणाला. "फोन वाजला की वाटायचं, झालं. बायको म्हणते, तू कामावर कुठेतरी हात अडकवून घेशील. मी बदली मागितलीय, आई. इथून जवळच्या गोदामावर. खालच्या हुद्द्यावर जावं लागेल, पण म्हटलं, तिथून रोज घरी येता येईल. तुला एकटीला सापांत कसं ठेवू?"

हे काकूंना माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं. रोज घरी. मी काकूंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी उजळलं, ते मी पाहिलं आहे.

तेवढ्यात तो साप पकडणारा म्हणाला, "काकू, आधी दिसला तो हाच का? नीट बघून सांगा. कारण काळा दिसला असेल, तर तो वेगळा. मग मला पुन्हा शोधावं लागेल."

सगळं अगदी सोपं होतं. काळा होता, एवढे दोनच शब्द. त्यांच्या नजरेवर कुणी शंका घेतली नसती. बदली झाली असती, मुलगा घरी आला असता. मी तर मनात म्हणूनही टाकलं, म्हणा काकू, म्हणा.

काकू पायरी उतरून आल्या. सापाकडे त्यांनी पाहिलंच नाही, मुलाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सैल झालेली कॉलर, हातावरचा चिकटपट्टीचा तुकडा, सगळं एकेक करून, पट्ट्यावरून माल सरकत असावा तसं.

"हाच," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून हाच होता. मीच चुकले."

"बघ ना! म्हातारपणी नजर गेली तुझी," चिरंजीव डोळे पुसत हसला, आणि त्याने आईला जवळ घेतलं. काकूही हसल्या. कारखान्यात कुणी असं म्हणालं असतं तर त्याची धडगत नव्हती.

साप मागच्या पाइपांच्या ढिगात सोडला. चिरंजिवांची रजा रविवारपर्यंत होती, पण आता राहायचं कारण उरलं नव्हतं. तिथे माल उतरायचा होता, त्यामुळे ते संध्याकाळच्या बसने गेले. बदली रद्द करायला सांगतो म्हणाले. काकू फाटकापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "कर. खालच्या जागेवर कशाला जातोस?"

दुसऱ्या दिवशी तक्ता भिंतीवर परत आला. घड्यांच्या जागी त्यावर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, एक तर नेमकी कवड्याच्या मानेवरून गेली होती. कवड्याही परत आला. उन्हाच्या वेळी न्हाणीघरात पत्र्याखाली पडलेला असायचा. काकू आंघोळीला जाताना त्याच्याशी भांडायच्या. "तुझ्यामुळे झालं सगळं. जरा काळा असतास तर काय बिघडलं असतं?" मी भिंतीपलीकडे हसायची. सुरुवातीला हसायची, नंतर हसू येईनासं झालं.

रविवारचे फोन सुरू होते. आता त्यात एक वाक्य वाढलं होतं. "साप दिसतो का गं? घाबरू नकोस हं, तो बिनविषारी आहे."

"घाबरते कुठे?" काकू म्हणायच्या.

पुढच्या थंडीत त्यांचे पाय सुजायला लागले. चार पावलं चालल्या की दम लागायचा. झोपताना उशीवर उशी ठेवायच्या, कारण आडवं पडलं की घुसमटायचं. मी बळेच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाल्या, हृदयाचं दिसतंय, मोठ्या इस्पितळात दाखवा, घरचं कुणी सोबत आणा. परत येताना काकूंनी माझं मनगट धरलं. "त्याला कळवायचं नाही. एकदा उगाच घाबरवलंय मी त्याला. पुन्हा नाही."

"हे उगाच आहे का, काकू?"

"मला कळतं काय आहे ते."

मी ऐकणारी नव्हते. मी त्यांच्या नकळत चिरंजिवांना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्याने लगेच आईला फोन लावला. मी भिंतीला कान लावून उभी राहिले, लाज सोडून. काकू हसत होत्या, मोठ्याने, दमाला आवर घालून. "अरे, तिचं काय मनावर घेतोस? शिंपीण ती, वीतभर कापड दिसलं की अंगरखा शिवून मोकळी. वातामुळे सुजलेत पाय. हिच्या आत्यालाही असंच व्हायचं. काही नाही रे. तू तुझं काम कर."

माझी आत्या चांगली ठणठणीत आहे. मी धावत जाऊन दार वाजवलं, पण तोवर फोन ठेवून झाला होता. चिरंजिवांनी नंतर मला फोन केला. म्हणाले, "मावशी, आई म्हणते वात आहे. तिला कळतं हो, तिची नजर पक्की आहे." म्हातारपणी गेलेली नजर आता पक्की झाली होती, कारण तेच सोयीचं होतं. मी त्याला म्हटलं, "तुझी आई खोटं बोलतेय, ये." तो म्हणाला, "माल उतरला की येतो."

माल उतरण्याआधी काकू गेल्या. सकाळी भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज आला नाही, तेव्हाच मला कळलं. खाटेवर बसल्या बसल्याच गेल्या होत्या, पाठीशी उशा, हातात चष्मा.

चिरंजीव आला, मिळेल त्या बसने, संध्याकाळपर्यंत. सगळं आटोपल्यावर तो बरेच दिवस राहिला. आवराआवर करत होता. एका दुपारी त्याने मला कुंपणावरून हाक मारली. मी गेले तेव्हा तो न्हाणीघराच्या दारात उभा होता. वर पत्र्याखाली कवड्या पडला होता, अर्धा बाहेर, मान उन्हात.

"मावशी, हा तोच ना?"

"तोच."

"इतका स्पष्ट दिसतो." त्याने स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. "आणि आत तक्ता आहे. त्याच्यावर घड्या आहेत. लहानपणापासून तो भिंतीवरच होता, घड्या कशा पडल्या?"

त्याला ते हळूहळू कळत होतं. चेहऱ्यावर कळत जाताना दिसत होतं, आणि माझा इतक्या दिवसांचा राग कुठे गेला कुणास ठाऊक. मला नुसती दया आली, त्याची आणि काकूंची.

"तिला ओळखता येत होता," तो म्हणाला.

"हो."

"मग मला नुसतं ये म्हणायचं होतं. मण्यार कशाला हवी होती?"

"नुसतं ये म्हणाली असती तर आला असतास?"

तो भिंतीकडे बघत राहिला. कवड्याने मान आत घेतली, मग पट्टे गेले, मग पुसट होत गेलेली शेपटी. फट मोकळी झाली.

"नाही," तो म्हणाला.

खोटं बोलण्यात तो आईवर गेला नव्हता. फट बुजवायला त्याने सिमेंट आणून ठेवलं होतं. जाताना ते पोतं तो माझ्याकडे तसंच ठेवून गेला.